मूल कोणाचे?
अमेरिकेतील जमात-न्यायालये, कुटुंब आणि वकील

सन १८८१ च्या ऑगस्ट महिन्यात, डाकोटा प्रदेशातील सू लोकांच्या राखीव मुलखात, क्रो डॉग नावाच्या एका पुढाऱ्याने स्पॉटेड टेल या नामांकित प्रमुखास गोळी घालून ठार मारले. दोघेही लकोटा लोकांच्या ब्रूले शाखेतील. जमातीतील वडीलधाऱ्यांनी दोन्ही घराण्यांस एकत्र बसविले व रिवाजाप्रमाणे निवाडा केला: क्रो डॉगच्या कुटुंबाने मृताच्या कुटुंबास सहाशे डॉलर रोख, आठ घोडे आणि एक घोंगडी द्यावी. ती भरपाई पोचली व घराण्यांपुरता प्रश्न मिटला. सरकारला मात्र ते पटले नाही. क्रो डॉगला पकडून डेडवुड येथे गोऱ्यांच्या न्यायालयापुढे उभे केले गेले व फाशीची शिक्षा सुनावली गेली. अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १८८३ च्या डिसेंबरात त्यास सोडून दिले. एका इंडियनाने दुसऱ्या इंडियनाविरुद्ध आपल्या मुलखात केलेल्या कृत्याचा न्याय करण्याचा अधिकार त्याच्या जमातीचा, संयुक्त संस्थानांच्या न्यायालयाचा नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता.

'इंडियन' हा शब्द आम्ही वापरतो याचे वाचकांस नवल वाटेल. आपल्या लहानपणीच्या पुस्तकांतून या लोकांस 'रेड इंडियन' म्हटलेले आपण वाचले. आज 'मूलनिवासी' म्हणण्याची पद्धत आहे. परंतु अमेरिकेच्या कायद्यातील शब्द अद्याप 'इंडियन' हाच आहे, आणि कायद्याच्याच इतिहासाविषयी लिहावयाचे असल्याने आम्हीही तोच ठेवतो.

खुनासारख्या गुन्ह्यावरील जमातीचा हा एकाधिकार फार टिकला नाही. क्रो डॉग सुटल्याने वॉशिंग्टनमध्ये गहजब झाला व १८८५ साली काँग्रेसने मोठे गुन्हे केंद्रीय न्यायालयांकडे घेतले. पण विवाह, काडीमोड, पोरक्या मुलांचा सांभाळ, दत्तक या घरगुती बाबी त्या कायद्यात नव्हत्या. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८३१ साली जमातींना 'देशांतर्गत परावलंबी राष्ट्रे' ठरविले होते. त्या विचित्र संज्ञेतील 'राष्ट्र' शब्दाला जर कोठे खरा अर्थ उरला असेल तर तो घराच्या उंबऱ्याच्या आतच, असे म्हणावयास हरकत नाही. पुढील दीडशे वर्षांचा झगडा त्या उंबऱ्यासाठी झाला.

पहिले आक्रमण न्यायालयाच्याच रूपाने आले. ज्या वर्षी क्रो डॉग सुटला त्याच वर्षी, १८८३ साली, गृहमंत्री हेन्री टेलर यांच्या सूचनेवरून राखीव प्रदेशांत 'इंडियन अपराधांची न्यायालये' स्थापन झाली. न्यायाधीश इंडियनच, परंतु त्यांची नेमणूक सरकारी एजंटाच्या मर्जीवर. हा एजंट म्हणजे आपल्याकडील कलेक्टर, मामलेदार, शिधावाटप अधिकारी आणि शाळा-तपासनीस या साऱ्यांचे एकत्र रूप होय. जे वाचक आदिवासी मुलखात नोकरीनिमित्त राहिले असतील त्यांना त्या खुर्चीचे सामर्थ्य आणि तिचा मोह निराळा समजावून सांगावयास नको. सूर्यनृत्य, वैदूंचे विधी, मृताच्या नावे संपत्ती वाटून टाकणे, एकाहून अधिक बायका करणे हे सारे या न्यायालयांपुढे अपराध ठरले. गंमत अशी की ओक्लाहोमाकडील कोमांचे लोकांचा प्रसिद्ध प्रमुख क्वाना पार्कर हा स्वतः अशा न्यायालयावर न्यायाधीश होता आणि त्याला अनेक बायका होत्या. एजंटाला त्याच्यावाचून चालत नसल्याने कित्येक वर्षे सर्वांनी तिकडे काणाडोळा केला. शेवटी १८९८ साली याच कारणावरून त्यास पदावरून दूर करण्यात आले.

ओरेगॉनमधील उमाटिला राखीव प्रदेशातील प्रकरण इतके गमतीचे नव्हते. तेथे एका स्त्रीला परपुरुषासोबत राहिल्याच्या आरोपावरून कोंडून ठेवले असता तिच्या माणसांनी तुरुंग फोडून तिला बाहेर काढले. त्यांच्यावर खटला झाला तेव्हा, १८८८ साली, केंद्रीय न्यायालयाने सांगितले की ही राज्यघटनेतील अर्थाची न्यायालये नव्हेत. एका परावलंबी समाजाला शिक्षण व शिस्त लावण्याची ती साधने होत. स्पष्टोक्तीबद्दल त्या न्यायाधीशाचे आभार मानले पाहिजेत. ज्या न्यायालयाचे कार्य शिस्त लावणे हेच आहे तेथे पक्षकाराची बाजू मांडणाऱ्याला काय काम? पुढे या न्यायालयांच्या नियमांतच व्यावसायिक वकिलांना मज्जाव केलेला होता, आणि ती अट १९६१ साली रद्द झाली.

राज्यांच्या न्यायालयांनी मात्र कधीकधी अधिक समज दाखविली. मिशिगनमध्ये एका ओजिब्वे प्रमुखाने १८४५ साली गोऱ्यांना लोखंडाची खाण दाखवून दिली होती व मोबदल्यात कंपनीने त्याला काही भाग लिहून दिले होते. त्याच्या पश्चात मुलीने ते भाग मागितले. कंपनीचे म्हणणे असे की बापाला अनेक बायका होत्या, सबब ही मुलगी औरस नव्हे. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ साली ठरविले की जमातीच्या रिवाजाने झालेला विवाह जमातीत वैध असेल तर तो वैधच. त्याला आपल्या रीतीचे माप लावण्याचा आम्हाला अधिकार नाही. त्याच न्यायालयावर पुढे न्यायाधीश झालेले जॉन व्होल्कर यांनी टोपणनावाने या खटल्यावर १९६५ साली कादंबरीही लिहिली. विवाहासारखीच काडीमोडाची गोष्ट. अनेक जमातींत त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागत नसे. नवाहोंमध्ये घर बायकोचे; तिने नवऱ्याचे खोगीर दाराबाहेर ठेवले की त्याने समजावयाचे ते समजावे, आणि मुले आईच्या कुळात राहावयाची. मुलांचा ताबा कोणाकडे, हा प्रश्नच अशा समाजात फारसा उद्भवत नव्हता.

तो उद्भवला तो सरकारमुळे. १८७९ साली पेनसिल्व्हानियातील कार्लाइल येथे रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने इंडियन मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुलांना घरापासून शेकडो कोस दूर न्यावयाचे, केस कापावयाचे, नाव बदलावयाचे, मातृभाषा बोलल्यास शिक्षा करावयाची, हे तिचे तंत्र देशभर पसरले. आईबाप नकार देतील तर १८९३ च्या कायद्याने त्यांचा शिधा बंद करता येई. ॲरिझोनातील होपी लोकांपैकी एकोणीस पुरुषांना, मुले शाळेत धाडण्यास व सरकारी शेतीयोजनेस विरोध केल्याबद्दल, १८९५ च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील अल्काट्राझ बेटावर डांबून ठेवण्यात आले. त्यांच्यावर खटला झाला नव्हता. बापाचा मुलावरील हक्क हिरावला गेला, आणि कोणत्याही न्यायालयात कोणताही वकील त्याच्या वतीने उभा नव्हता.

येथे वकिलाविषयी थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण या इतिहासात 'वकील लावणे' ही साधी गोष्ट कधीच नव्हती. पोंका जमातीचा प्रमुख स्टँडिंग बेअर आपल्या मृत मुलाला पूर्वजांच्या भूमीत पुरण्यासाठी परवानगीवाचून निघाला व पकडला गेला, तेव्हा १८७९ साली ओमाहा येथे पॉपलटन व वेबस्टर या दोन वकिलांनी विनामूल्य त्याची बाजू मांडली. इंडियन हा कायद्याच्या दृष्टीने 'व्यक्ती' आहे, एवढे मान्य करवून घेणे हाच त्यांचा विजय होता. ही वैयक्तिक औदार्याची गोष्ट झाली. जमातीला आपण होऊन वकील नेमावयाचा तर १८७२ च्या कायद्याप्रमाणे त्या कराराला सरकारची मंजुरी लागे. कारण वरकरणी रास्त होते. दाव्यांच्या नावाखाली भोळ्या पक्षकारांना लुबाडणारे वकील खरोखरच होते. परंतु बहुतेक तंटा सरकारशीच असल्यामुळे प्रतिवादीने वादीचा वकील पसंत करावयाचा, असा हा प्रकार झाला.

१९३४ च्या इंडियन पुनर्रचना कायद्याने जमातींना स्वतःची घटना व न्यायालये उभारण्याचा मार्ग मोकळा केला. वकील निवडण्याचा हक्कही दिला, पण निवड व मेहनताना यांवरील मंजुरी राहिलीच. या कायद्याच्या शिल्पकारांपैकी फेलिक्स कोहेन हे इंडियन कायद्याचे अद्वितीय पंडित. १९४१ साली त्यांच्या हातून सिद्ध झालेला ग्रंथ अजून, सुधारून, वापरात आहे. पुढे १९५० मध्ये डिलन मायर हे इंडियन खात्याचे आयुक्त झाले. युद्धकाळात जपानी वंशाच्या नागरिकांच्या छावण्यांचा कारभार यांनीच पाहिला होता. वकिलांच्या करारांवर त्यांनी नवी कडक बंधने घालू पाहिली, तेव्हा नोकरी सोडून खाजगी वकिली करणाऱ्या कोहेन यांनी व वकिलांच्या संस्थांनी असे काहूर उठविले की गृहमंत्री ऑस्कर चॅपमन यांना तो बेत सोडावा लागला. वकिलाच्या निवडीवरील जुनी मंजुरीची अट अखेरीस २००० साली काढण्यात आली. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे जमातीचा वकील हा सरकारच्या अनुज्ञेने बोलत होता.

दरम्यान मुले नेण्याची रीत पालटली. निवासी शाळा खर्चिक ठरल्या. त्यांऐवजी समाजकल्याण खात्याची कार्यकर्ती आली. इंडियन खाते व बालकल्याणाची एक राष्ट्रीय संस्था यांनी मिळून १९५८ ते १९६७ या काळात 'इंडियन दत्तक योजना' चालविली व ३९५ मुले, बहुतांशी दूरच्या गोऱ्या कुटुंबांत, दत्तक दिली. हा आकडा लहान वाटेल. परंतु राज्यांच्या खात्यांनी व खाजगी संस्थांनी याच काळात स्वतंत्रपणे उचललेली मुले याहून कितीतरी अधिक होती. १९६९ व १९७४ मध्ये झालेल्या पाहण्यांतून दिसून आले की अनेक राज्यांत इंडियन मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुले घरापासून तोडून परक्या घरी वा संस्थांत ठेवलेली होती. मारझोड हे कारण क्वचितच दिले जाई. 'दुर्लक्ष' हा शब्द पुरेसा असे, आणि मूल आईऐवजी आजीपाशी वाढत असणे हेच पुष्कळदा दुर्लक्ष ठरे. बदलीच्या नोकरीमुळे ज्यांनी आपली मुले शाळेसाठी पुण्याला किंवा नागपूरला आजीकडे ठेवली असतील त्या आमच्या वाचकांनी क्षणभर कल्पना करावी, की एक अपरिचित बाई वही घेऊन त्या घरी येते आणि मूल 'टाकून दिलेले' आहे अशी नोंद करून त्याला घेऊन जाते.

नॉर्थ डाकोटातील डेव्हिल्स लेक येथील सू स्त्रियांनी १९६८ साली या प्रकाराविरुद्ध न्यूयॉर्कपर्यंत जाऊन दाद मागितली. त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या संस्थेने वकील पुरविले, पाहण्या केल्या, सिनेटपुढे साक्षी घडवून आणल्या. १९७६ साली नॉर्दर्न शायेन जमातीच्या एका दत्तकविषयक तंट्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की सर्व पक्षकार जमातीचे व राखीव प्रदेशात राहणारे असतील तर असा खटला जमातीच्या न्यायालयातच चालेल, माँटाना राज्याच्या नव्हे. आणि ८ नोव्हेंबर १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी 'इंडियन बालकल्याण कायद्या'वर सही केली.

या कायद्याची कलमे वाचताना त्यांमागचा अनुभव जाणवतो. राखीव प्रदेशात अधिवास असलेल्या मुलाविषयी निर्णय फक्त जमात-न्यायालय घेईल. मूल बाहेर राहत असेल तर राज्याच्या न्यायालयाने जमातीला नोंदणीकृत टपालाने कळवावे व योग्य प्रसंगी खटला तिकडे पाठवावा. मूल काढून घ्यावयाच्या कारवाईत गरीब आईबापांना सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. पालकत्व कायमचे संपवावयाचे तर पुरावा 'वाजवी संशयापलीकडचा' हवा, म्हणजे फौजदारी खटल्यात लागतो तितका. बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत आईने दिलेली संमती ग्राह्य नाही. या कलमाचा मसुदा करणाऱ्याने प्रसूतिगृहाच्या दाराशी कागद घेऊन उभी असलेली माणसे पाहिली असावीत. दत्तक देताना प्रथम नातलग, मग जमातीतील इतर कुटुंबे, त्यानंतर अन्य इंडियन कुटुंबे असा क्रम आहे.

जमातीच्या अधिकाराला दुसरीही बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे आम्हास योग्य वाटत नाही. याच १९७८ सालच्या मे महिन्यात न्यू मेक्सिकोतील सांता क्लारा प्युब्लोच्या एका स्त्रीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. तिने नवाहो पुरुषाशी लग्न केले होते. जमातीच्या १९३९ च्या नियमाप्रमाणे बाहेर लग्न करणाऱ्या पुरुषाची मुले सभासद, स्त्रीची मुले मात्र परकी. तिची मुले तेथेच जन्मली, वाढली, तीच भाषा बोलली. तरी पटावर नव्हती. न्यायालयाने सांगितले की असे गाऱ्हाणे जमातीच्याच दरबारी मांडले पाहिजे. जमातीचे स्वातंत्र्य अबाधित राहिले, त्या बाईचे समाधान मात्र झाले नसेल.

कायद्याची खरी परीक्षा मिसिसिपीच्या चॉक्टॉ जुळ्यांनी घेतली. योगायोग असा की कायदा होण्यापूर्वी काँग्रेसपुढे प्रभावी साक्ष देणारे कॅल्विन आयझॅक हे याच जमातीचे प्रमुख. २९ डिसेंबर १९८५ रोजी एका अविवाहित चॉक्टॉ स्त्रीने राखीव प्रदेशापासून दोनशे मैलांवरील गल्फपोर्ट येथे जुळ्यांना जन्म दिला. तेवढ्या दूर ती बुद्ध्याच गेली होती. मुले बाहेरच्या कुटुंबात दत्तक जावीत अशी तिची व पित्याची दोघांची इच्छा होती. जानेवारीच्या १० तारखेला संमती झाली व त्याच महिन्यात राज्याच्या न्यायालयाने दत्तक मंजूर केले. दोन महिन्यांनी जमातीने हरकत घेतली. मिसिसिपीची न्यायालये म्हणाली, या मुलांनी राखीव प्रदेशात पाऊलही टाकलेले नाही. त्यांचा अधिवास तेथे कसा?

अधिवासाचे दाखले काढता काढता ज्यांची उमर गेली त्या आमच्या वाचकांना या वादातील खुबी चटकन कळेल. ३ एप्रिल १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिले की अविवाहित मातेच्या मुलाचा अधिवास तो मातेचा; माता राखीव प्रदेशाची रहिवासी, म्हणून मुलेही तेथील, त्यांनी तो प्रदेश पाहिला असो वा नसो. आईबापांना आपल्या हालचालीने जमातीचा हक्क बुडविता येणार नाही. असहमत न्यायाधीशांचा प्रश्नही वजनदार होता: आईबाप दोघेही विचारपूर्वक एक गोष्ट ठरवीत असता जमातीने मध्ये का यावे? आमचे मत विचाराल तर कायद्याचा अन्वय ब्रेनन यांचाच बरोबर. पण दोनशे मैल चालून गेलेल्या त्या आईचा विचार मनातून जात नाही. तोवर मुले तीन वर्षांची झाली होती व दत्तक घेणारा पिता वारला होता. प्रकरण चॉक्टॉ न्यायालयाकडे गेले. मुले आता ओढून नेली जाणार, असे भाकीत अनेकांनी केले असेल. चॉक्टॉ न्यायालयाने मुलांना त्या दत्तक मातेपाशीच ठेवले, आणि जमातीशी त्यांचा संबंध राहील अशी व्यवस्था केली.

सर्वच प्रकरणे अशी सुखाने संपली नाहीत. चेरोकी पिता व साउथ कॅरोलायनातील दत्तक दांपत्य यांच्या तंट्यात एक मुलगी सव्वादोन वर्षांची असताना, २०११ च्या अखेरीस, पित्याकडे दिली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या पाच विरुद्ध चार मतांच्या निकालानंतर ती पुन्हा त्या दांपत्याकडे गेली. मूल दोनदा उचलले गेले. निकाल कोणताही बरोबर माना, हे तर झालेच. पुढे टेक्सासातून निघालेल्या दाव्यात हा संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरवावा अशी मागणी झाली. १५ जून २०२३ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी तो शाबूत राहिला. प्रतिवादी म्हणून खटल्याच्या शीर्षकात नाव होते ते डेब हालंड यांचे. लागुना प्युब्लोच्या या कन्या त्या वेळी गृहमंत्री होत्या, म्हणजे हेन्री टेलर यांच्याच खुर्चीत बसल्या होत्या.

एक गोष्ट मात्र या कायद्याने मुद्दाम बाहेर ठेवली आहे. घटस्फोटात मुलाचा ताबा आईला की बापाला, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून नवरा जमातीचा व बायको बाहेरची, किंवा उलट, असे जोडपे विभक्त होऊ लागले की जमातीचे न्यायालय आणि राज्याचे न्यायालय अशी दोन दारे समोर दिसतात, आणि ज्याचा अर्ज आधी पडेल त्याचे पारडे जड होण्याचा संभव असतो. अशा वेळी वकिलाकडे गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न भांडणाविषयी विचारला जात नाही. मूल कोणत्या पटावर आहे, गेले सहा महिने कोठे राहिले, राखीव प्रदेश कोणत्या राज्यात आहे, हे प्रश्न आधी येतात. शेवटला यासाठी की १९५३ च्या एका कायद्याने काही राज्यांच्या न्यायालयांना राखीव प्रदेशांतील दिवाणी तंटेही दिलेले आहेत. मान्यताप्राप्त जमाती साडेपाचशेहून अधिक असून ज्यांची न्यायालये आहेत त्यांचे नियम निरनिराळे आहेत. राज्याची सनद असलेला वकील तेथे आपोआप उभा राहू शकतोच असे नाही. नवाहो राष्ट्राच्या न्यायालयांसाठी त्या राष्ट्राच्या बारची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. उलट, कायद्याची पदवी नसलेला परंतु भाषा व रिवाज जाणणारा 'मुखत्यार' पुष्कळ जमात-न्यायालयांत पक्षकाराची बाजू मांडू शकतो, आणि घरगुती तंट्यात कित्येकदा तोच अधिक उपयोगी पडतो.

नवाहोंनी १९८२ साली सलोख्याची एक निराळी शाखाही काढली. तेथे सर्वमान्य वडील मनुष्य दोन्ही कुटुंबांस एकत्र बसवून बोलते करतो. वकिलांना तेथे सहसा स्थान नसते. आपल्या १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या तेराव्या कलमानेही वकील देणे हा पक्षकाराचा हक्क ठेवलेला नाही. न्यायालयास वाटल्यास ते कायदेतज्ज्ञाचे साहाय्य घेऊ शकते. अनुसूचित जमातींना तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्यावाचून, लागूच होत नाही. आणि शिलाँग वा तुरा येथे काम केलेल्या अधिकाऱ्यांना सहाव्या अनुसूचीखालील जिल्हा परिषदांची न्यायालये परिचित आहेत. खासी घरात मूल आईच्या कुळाचे असते, हे तेथील मराठी बिऱ्हाडांना शेजाऱ्यांकडूनच कळलेले असते.